इंग्रजी शिकू या : ‘डिड’नंतर ‘वेंट’ नको

एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सातवीत आहे. शाळेने दिलेला क्रियापदांचा तीन रकान्यांचा तक्ता तिने तोंडपाठ केला. घरी आलेल्या मामूंनी काही विचारले, तर ती म्हणाली, ‘आय डिड नॉट वेंट टू स्कूल.’ सगळे हसले. तेव्हापासून मुलगी इंग्रजीत तोंडच उघडत नाही.

हसणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू : ‘मी शाळेत गेले नाही’ या वाक्यात भूतकाळ कुठे आहे? ‘गेले’मध्ये. ‘मैं स्कूल नहीं गई’ म्हटले तरी तो ‘गई’मध्येच. मुलीने घरची सवय इंग्रजीत नेली. इंग्रजीत मात्र नकार आणि प्रश्न असला की भूतकाळाचे ओझे ‘डिड’ उचलतो आणि पुढचे क्रियापद मूळ रूपात राहते. ‘आय डिड नॉट गो.’ ‘डिड यू ईट?’ साध्या होकारी वाक्यात ‘डिड’ नसतो, म्हणून तेथे ‘आय वेंट’, ‘आय एट’. (‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांना ‘डिड’ लागत नाही.) तक्ता पाठ असूनही मुले अडखळतात ती येथेच, कारण तक्त्यात हे लिहिलेले नसते.

तक्त्याचा क्रमही आम्हाला पटत नाही. तो वर्णानुक्रमे ‘अराइज’पासून सुरू होतो. घरात ‘अराइज’ कोण म्हणतो? बी, हॅव, डू, से, गो, मेक, टेक, कम, सी, गेट ही इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी दहा क्रियापदे आणि दहाही अनियमित. रोज तोंडात असल्यामुळे त्यांची जुनी रूपे टिकली. ‘हेल्प’चा भूतकाळ एके काळी ‘होल्प’ होता, तो मागे पडून ‘हेल्प्ड’ झाला. आधी ही दहा घ्यावीत. मग एका चालीची क्रियापदे एकत्र घ्यावीत : सेंड–सेंट, स्पेंड–स्पेंट, लेंड–लेंट. ‘वेंट’ही याच घरातले. ते मूळचे ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप, पुढे ‘गो’ने आपलेसे केले. सिंग–सँग, रिंग–रँग असे म्हणता म्हणता ‘ब्रिंग’चे ‘ब्रँग’ होऊ देऊ नये, ते ‘ब्रॉट’. पुट आणि कट बदलतच नाहीत. ‘रीड’चे स्पेलिंग तेच राहते, उच्चार ‘रेड’ होतो.

लहान मूल ‘मी करलं’ म्हणते तेव्हा आपण कौतुकाने ‘केलं’ असे सुधारून देतो. इंग्रजांची लहान मुलेही ‘वेंट’ऐवजी ‘गोएड’ म्हणतात. नियम कळल्याची ती खूण असते. आपल्या मुलीलाही तेवढी सवलत द्या.

रात्री दस्तरखानावर प्रत्येकाने दोन वाक्ये बोलावीत, एक होकारी, एक नकारी : ‘आय ड्रँक टी. आय डिड नॉट ड्रिंक मिल्क.’ पहिले आठ दिवस सुरुवात अम्मीने करावी, चुकली तरी चालेल. मामूंनाही बसवावे.

तिसरा रकाना पुढील अंकात.