शिंकणाऱ्या गाड्या

टर्बो गाडीला डंप व्हॉल्व्ह बसवावा का, या प्रश्नाला माझे उत्तर एका शब्दाचे आहे : नको. पण एका शब्दावर आपल्याकडे कुणी थांबत नाही. मेसमध्ये तर नाहीच. जबलपूरला आल्यापासून हा विषय माझ्यापुढे इतक्या वेळा आला आहे की आता लिहूनच टाकतो. पुढच्या वेळी कुणी विचारले की हा लेख पाठवायचा आणि आपण चहा प्यायचा.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की काही गाड्या 'पश्श्श' असा आवाज करतात, एखाद्याने नाकावर रुमाल न धरता शिंकावे तसा. संध्याकाळी सदर बाजारात उभे राहा, अर्ध्या तासात दोन-चार तरी शिंका ऐकू येतील. हा आवाज करणारे यंत्र म्हणजे डंप व्हॉल्व्ह. पोरे त्याला बीओव्ही म्हणतात.

आता टर्बो. एक्झॉस्टच्या गरम वायूने एक चक्र फिरते, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचे पेटंट घेतले. पण फौजी माणसाला टर्बोची खरी किंमत कळते ती उंचीवर. १९१८ मध्ये अमेरिकेच्या सॅनफर्ड मॉसने विमानाचे लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या डोंगरावर नेले आणि तिथल्या विरळ हवेत टर्बो लावून चालवून दाखवले. आपल्या जुन्या मंडळींना पाइक्स पीक सांगायची गरज नाही. त्यांनी शक्तिमान जोझी ला चढताना पाहिलेला आहे. शक्तिमानला टर्बो नव्हता. साडेअकरा हजार फुटांवर काळा धूर ओकत, पहिल्या गिअरमध्ये दमेकऱ्यासारखा तो चढायचा, आणि क्लीनर दगड हातात घेऊन शेजारून चालायचा. खारदुंग ला तर त्याहून वर, १७,५८२ फूट. (पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० लिहिलेले होते आणि आपण सगळ्यांनी तिच्याशेजारी फोटो काढले आहेत, ते राहू द्या.) त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथे टर्बो हा शौक नसतो.

हे सगळे जबलपुरात बसून लिहिण्याला अर्थ आहे. शक्तिमान इथला. जोंगा इथली, नावातच जबलपूर घेऊन फिरणारी. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. पुढे स्टॅलियन आणि एलपीटीए इथूनच बाहेर पडले. या गावात रिटायर्ड फिटर आणि टर्नर इतके आहेत की चहाच्या टपरीवर बेअरिंगच्या क्लिअरन्सवर वाद ऐकू येतो. आणि त्याच गावात तरणीताठी पोरे गाडीला शिंक बसवायला काही हजार रुपये मोजतात, याचा मला राग येतो.

तर या शिंकेचे काम काय? पेट्रोल गाडीत इंजिनाच्या तोंडाशी थ्रॉटलची झडप असते. पाय काढला की ती मिटते. पण टर्बो तेव्हाही मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वेगात असतो, हवा दाबतच असतो. ती हवा मिटलेल्या झडपेवर आदळून उलटी टर्बोच्या पात्यांवर येते. याला सर्ज म्हणतात. त्याने टर्बोचा वेग पडतो आणि थ्रस्ट बेअरिंगवर भार येतो. म्हणून त्या क्षणी दाब मोकळा करणारा व्हॉल्व्ह हवा. इथपर्यंत दुकानदार खरे बोलतो. पुढची गोष्ट तो सांगत नाही : बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत असा व्हॉल्व्ह कंपनीनेच बसवलेला असतो. फरक एवढाच, की तो हवा बाहेर फेकत नाही. टर्बोच्या आधीच्या पाइपात परत सोडतो. काम तेच, फक्त गुपचूप. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते व्हॉल्व्हचे नाहीत, आवाजाचे.

आणि ती हवा परत सोडण्याला कारण आहे. अनेक गाड्यांत एअर फिल्टरनंतर एक सेन्सर असतो, तो आत आलेली हवा मोजतो. कॉम्प्युटर त्या मापाने पेट्रोल देतो. मोजलेली हवा तुम्ही मध्येच बाहेर फेकलीत, की पेट्रोल पूर्ण मापाचे आणि हवा कमी. स्टोअरमधून शंभर माणसांचे रेशन काढले, वाटेत वीस माणसे उतरली, तरी लंगरवर शंभरांचेच शिजले, असा प्रकार. मग प्लगवर काजळी धरते, मागून काळा फवारा येतो, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्लच दाबून सिग्नलला येताना इंजिन बंद पडते. ब्रेकचा बूस्टर इंजिनावर चालतो. इंजिन मेल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो, नंतर पेडल दगड होते. मागे ट्रक असेल तर, किंवा तुम्ही सुट्टीवर गावी निघालात आणि घाट उतरत असाल तर काय, हे लिहायला नको.

हवा न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या गाड्याही आहेत. त्यांच्यात वरचा बिघाड होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिथे डंप व्हॉल्व्ह बसवून निदान पेट्रोलचे गणित चुकत नाही. पण म्हणून काही मिळतही नाही. शिवाय इथे आणखी एक गोष्ट निघते. स्वस्तातल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग नरम असते. इंजिन आयडलवर असताना मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमने तो अर्धवट उघडा राहतो, आणि मग हवा बाहेर जाण्याऐवजी तिथून आत ओढली जाते, फिल्टर न लागलेली. मे महिन्यात जबलपूरची धूळ ज्याने खाल्ली आहे त्याला विचारा. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये धुळीचा कण म्हणजे सँडपेपर.

हे झाले पेट्रोलचे. पण आपल्या जवानांच्या गाड्या कुठे पेट्रोल आहेत? बोलेरो, स्कॉर्पिओ आणि जुनी स्विफ्ट डिझेल. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केले, तरी ते १.३ लिटरचे फियाटच्या घराण्यातले इंजिन, ज्याला लोक देशाचे राष्ट्रीय इंजिन म्हणायचे, सेकंडहँड बाजारात अजून भाव खाते. डिझेल इंजिनात ताकद इंधन कमी-जास्त करून ठरते. हवेची वाट पेट्रोलसारखी पाय काढल्याबरोबर मिटत नाही. दाबलेली हवा सरळ इंजिनात निघून जाते. अडतच नाही, तर सोडायचे काय? डिझेलला डंप व्हॉल्व्ह म्हणजे टकल्याला कंगवा.

तरीही डिझेलचे किट मिळते. त्यात ॲक्सिलरेटरच्या तारेला जोड मारून एक सोलेनॉइड लावतात. पाय काढला की ते चांगला भरलेला दाब निष्कारण बाहेर सोडते. पुढच्या वेळी पाय दिलात की तो दाब पहिल्यापासून भरायचा. याहून स्वस्तात म्हणजे सायलेन्सरच्या नळीत खोचायची शिट्टी. आणि सगळ्यात कळस म्हणजे नुसता स्पीकर, जो व्हॉल्व्हचा आवाज वाजवतो. मला विचाराल तर तिघांत स्पीकर सगळ्यात प्रामाणिक. निदान तो इंजिनाला हात लावत नाही.

आमच्याकडे एका जवानाने सीएसडीतून घेतलेल्या नव्या गाडीला असले किट लावून घेतले. शहरातल्या एका दुकानात, नाव सांगत नाही. कारचे कर्ज अजून चार वर्षांचे बाकी. तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा, गाडी लिंप मोडमध्ये, चाळीसच्या वर जाईना. सर्व्हिस सेंटरने वायरिंगला मारलेले काप पाहिले आणि वॉरंटीचा कागद परत दिला. नवा हार्नेस स्वतःच्या खिशातून. बायकोला काय सांगितले ते त्याने मला सांगितले नाही. त्याच्याच सेक्शनचा हवालदार, कोल्हापूरकडचा, आयुष्य गाड्यांखाली गेलेला. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "सायेब, गाडीला सर्दी झाली न्हाई, ह्येला झालीया."

हा हवालदार कानाने गाडी वाचतो. सकाळच्या फर्स्ट परेडला बॉनेट उघडायच्या आधी सांगतो की इंटरकूलरचा होज कुठेतरी फुंकतोय. टर्बोचा सूर जरा वर गेला, शिट्टी फाटल्यासारखी झाली, की शाफ्टमध्ये प्ले आला हे त्याला कळते. ही विद्या पुस्तकातून येत नाही. आणि बॉनेटखाली दर दहा सेकंदांनी शिंकणारे यंत्र बसवले की ती विद्या आंधळी होते. खरी गळती आणि विकत घेतलेली गळती यांत फरक कसा करणार?

आता विरोधी पक्षाचे ऐकू. एक तरुण कॅप्टन, हुशार, माझ्यासारखाच खडकवासल्याचा, मला म्हणाला, "सर, रॅलीच्या गाड्यांना असतो." रॅलीच्या गाड्यांना पुष्कळ काही असते. त्यांना अँटिलॅग असते, ज्यात एक्झॉस्टमध्ये मुद्दाम स्फोट करून टर्बो फिरता ठेवतात. त्या गाडीमागे मेकॅनिकांची टोळी असते आणि टर्बो तिथे ब्रेकपॅडसारखा बदलतात. तुझ्यामागे तुझा ईएमआय आहे. दुसरा मुद्दा, लॅग कमी होतो. होतो, पण हवा आत परत सोडणारा कंपनीचा व्हॉल्व्हही तेच करतो, आणि टर्बोच्या तोंडाशी हवा परत देऊन करतो. तिसरा मुद्दा, "माझी गाडी, माझा पैसा." हा मात्र मला मान्य नाही. गाडी तुझी, कान लोकांचे. हॉस्पिटल, शाळा आणि कोर्टाच्या आजूबाजूचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवता येते, ते २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनी. मिलिटरी हॉस्पिटलच्या भिंतीलगत रात्री दहाला शिंकत जाणाऱ्याला आत कोण झोपले आहे याची कल्पना नसते असे नाही. आत कदाचित त्याच्याच पलटणीचा कुणी असतो.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ गाडीत फेरफार करण्याला आडवे येते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आवाज-धुराची मानके मोडल्यास १०,००० पर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने निलंबित. दुकानदार म्हणेल, आरसीवर व्हॉल्व्हचा उल्लेखच नाही, मग फेरफार कसला. चौकात हवालदाराशी हा वाद घालून पाहा. त्यात काचेवर लाल अक्षरात 'आर्मी' लिहिलेले असेल, जे खासगी गाडीवर लिहायचे काही कारण नाही, तर बदनामी एकट्याची होत नाही.

मी फेरफारांच्या विरुद्ध नाही. फौजेत अर्धी लढाई जुगाडावर झाली आहे. लिलावात घेतलेल्या जोंगात डिझेल इंजिन बसवून आरटीओची सगळी कागदपत्रे करून घेणाऱ्या माजी सैनिकांबद्दल मला आदर आहे. पण युनिटमधल्या गाडीला एक ब्रॅकेट जोडायचे तरी ईएमईचे मॉडिफिकेशन इन्स्ट्रक्शन लागते. ते का हवे, कशाने काय बिघडेल, याची चाचणी कुणीतरी आधी केलेली असते. आणि रात्रीच्या हालचालीत आपण जवानाच्या पाण्याच्या बाटलीचा खुळखुळाट बंद करतो. त्याच जवानाने सुट्टीच्या दिवशी पैसे देऊन आवाज विकत घ्यावा, हे मला समजत नाही.

टर्बो मरतो तो व्हॉल्व्ह नसल्याने नाही. तो जुन्या तेलाने मरतो. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, आणि पेट्रोल गाडीत शेजारचे एक्झॉस्ट नऊशे अंशांपर्यंत तापते. हायवेवरून दामटत येऊन ढाब्यावर खटकन चावी फिरवलीत, की ते तेल जागेवरच करपते. मिनिटभर आयडलवर ठेवा. तेल वेळेआधी बदला, कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचे. एअर फिल्टर उन्हाळ्यात दर महिन्याला उघडून पाहा. होजचे क्लॅम्प हाताने चाचपा. व्हॉल्व्हच्या पैशात हे सगळे दोन वर्षे होते.

एक सूट देतो. काही गाड्यांत कंपनीच्या व्हॉल्व्हचा रबरी पडदा जुना होऊन फाटतो, दाब गळतो, गाडी मरगळते. तेव्हा तो बदलावाच लागतो. तसाच नवा घ्या, किंवा धातूच्या पिस्टनचा, हवा आत परत सोडणारा घ्या. ज्यांनी ट्रॅकसाठी दाब वाढवून घेतला आहे त्यांनाही हाच. आणि एवढे वाचूनही ज्याला बाहेर शिंकणाराच बसवायचा आहे, त्याने मूळचा व्हॉल्व्ह दुकानात सोडून येऊ नये. फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवावा. गाडी विकताना तो परत लावावा लागतो; जाणकार गिऱ्हाईक बॉनेट उघडून पहिल्यांदा तिथेच बघते.