पेल्यातली प्रतवारी कोण करणार?



या अंकाचा विषय पाहून काही जण कपाळाला हात लावतील. पाऊस दगा देतो, कापसाच्या भावाचा भरवसा नाही, काळी पडलेली ज्वारी व्यापारी हातात धरत नाही. आणि हे लोक स्वस्तातली रेड वाईन कशी पारखावी ते सांगत बसलेत! राग रास्त आहे. तरी शेवटपर्यंत वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. प्या असे आम्ही कोणालाही सांगत नाही. वाईन म्हणजे दारू नव्हे, असे पुढारी सांगतात ते खोटे आहे. वाईनमध्ये बारा ते चौदा टक्के मद्यार्क असतो. दारूने ज्यांचा संसार धुतला त्या मायबहिणींनी आडव्या बाटलीला मत दिले, त्यांच्या बाजूलाच आम्ही उभे आहोत. प्रश्न पिण्याचा नाही, पारखण्याचा आहे.

वाईन आता सोलापूरला परकी राहिलेली नाही. २००७ साली सुरू झालेल्या फ्रातेल्ली कंपनीच्या बागा आपल्याच माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या परिसरात आहेत. ७५० मिलीच्या बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. सव्वा किलोचा बागेतला भाव आणि बाटलीवरची किंमत शेजारी शेजारी लिहून पाहा. मधल्या फरकात कारखाना आहे, कर आहे, दुकानदार आहे. पण ‘ही चांगली, ती हलकी’ असे ठरवणाऱ्या जिभेचाही त्यात वाटा आहे, आणि ती जीभ शेतकऱ्याची नाही.

ही पारख अवघड आहे का? मुळीच नाही. घरी दोन-तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, वर नुसते आकडे घाला. नाव आणि किंमत दिसली की जीभ खोटे बोलते. काचेचा पेला तिसरा हिस्सा भरा आणि पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग बघा. कोवळी रेड वाईन जांभळट असते, जुनी विटकरी होते. मग हुंगा. पेला गोल फिरवून पुन्हा हुंगा. शिरक्याचा वास आला तर ती आंबली, ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बूच खराब. शिजवलेल्या फळासारखी लागली तर उन्हात तापली. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात हे हमखास घडते. मग घोटभर तोंडात घोळवा. तोंडाला पाणी सुटते तो आंबटपणा, हिरड्या धरतो तो जांभळासारखा तुरटपणा, घशात जाळतो तो मद्यार्क. एकाने दुसऱ्यावर कुरघोडी केली नाही आणि चव थोडा वेळ रेंगाळली, तर माल चांगला. थुंकून टाकले तरी पारख होते. पट्टीचे पारखी थुंकूनच टाकतात.

‘पोर्ट’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त गोड वाईनपाशी जास्त सावध राहावे. गोडव्याआड दोष लपतो. शिळ्या ताकात साखर घातल्यासारखेच ते. खरी पोर्ट पोर्तुगालमधल्या दुरो खोऱ्याची. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच द्राक्षाचा मद्यार्क ओतून आंबणे थांबवतात, म्हणून मूळची साखर उरते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जातो. अठराव्या शतकात तिच्यात भेसळ माजली, भाव कोसळला. १७५६ साली सरकारने खोऱ्याच्या हद्दी आखल्या, नावाला किंमत आली. पण त्याच वेळी सगळा व्यापार एका मक्तेदार कंपनीच्या हाती दिला. १७५७ साली पोर्तो शहरात लोक तिच्याविरुद्ध उठले, तर त्यांना फासावर लटकवले. गावाचे नाव मालाला मोल देते. मक्तेदारी ते मोल गिळते. एकाधिकार कापूस खरेदी सोसलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सरकारी धोरणांचे काय झाले? २००१ साली महाराष्ट्राने वाईन धोरण आणले. नाशिककडे शेतकऱ्यांनी वाईनची द्राक्षे लावली. २००८ च्या मंदीनंतर कारखान्यांनी माल उचलला नाही आणि लावलेल्या बागा तोडाव्या लागल्या. ते द्राक्ष खायच्या बाजारात चालत नाही, गिऱ्हाईक एकच. २००७ साली ज्वारी-बाजरीपासून मद्यार्क काढायला अनुदान जाहीर झाले. ते कारखानदाराला होते, ज्वारीवाल्याला नव्हे. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाईन ठेवण्याचा निर्णय झाला तोही शेतकऱ्याचे नाव घेऊनच. खांदा आपला, बंदूक त्यांची.

आपल्याला पारख नाही, असे कोणी म्हणू नये. थॉमसनच्या बागेतून ‘सोनाका’ द्राक्ष निवडले ते नान्नजच्या नानासाहेब काळे या शेतकऱ्याने. मालदांडी ३५-१ निवडली गेली आपल्या मोहोळच्या केंद्रात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हुरड्याचा एक घास खाऊन गूळभेंडी ओळखणारी माणसे प्रत्येक शिवारात आहेत. पण कापूस घेऊन गेलो की ग्रेडर चिमटीत धागा ओढतो, एक शब्द बोलतो, आणि आपण मान खाली घालतो. ज्याच्या हाती प्रतवारी, त्याच्या हाती भाव.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावची दोन किलो ज्वारी आणा. पिशवीवर नाव नको, आकडा घाला. भाकऱ्या होतील, बाया आणि पुरुष दोघेही चव घेतील आणि कारणासह निकाल लिहितील. ज्यांच्याकडे कापूस आहे त्यांनी मूठभर रुई आणावी, धाग्याची लांबी आपणच मोजू. वाईनवाल्यांकडून एवढी एकच गोष्ट उचलायची आहे: आपल्या मालाचे गुण आपल्या तोंडाने, पुराव्यासह सांगायचे. मग घामाचे दाम मागताना आवाज आपोआप चढेल.