स्वस्त रॉकेलचा महाग हिशेब

डिझेल इंजिनात रॉकेल घातलं तर चालतं का, हा प्रश्न या सदराकडे उन्हाळा लागला की हमखास येतो. चालतं. घोळ तिथेच आहे.

दाबाच्या उष्णतेवर पेटायला रॉकेलला काही अडचण नसते. हँडल मारलं की इंजिन धरतं, आवाज जरा कडक येतो, पण पाटात पाणी पडायला लागतं. मग माणसाला वाटतं, इतकी वर्षं डिझेलचे पैसे उगाच मोजले.

खर्च दिसतो तो नंतर, फ्युएल पंपात. तिथला प्लंजर बॅरलमध्ये दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत वरखाली होतो. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. या फटीत वेगळं ऑइल जात नाही. जे इंधन पुढे ढकलायचं तेच तिथलं वंगण. भारतीय मानकानुसार 40 अंशांना डिझेलचा दाटपणा 2 ते 4.5 सेंटिस्टोक्स हवा. रॉकेल दीडच्या आसपासच घुटमळतं. इतकं पातळ इंधन फटीतून मागे झिरपतं, नोझलला पुरेसं पोचत नाही आणि लोड आला की इंजिन दम टाकतं. मालक गव्हर्नरचा स्क्रू पिळतो, तेवढ्यापुरतं भागतं. पुढे एक दिवस तापलेलं इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायला गेलं की ते धरतच नाही, आणि फिटर सांगतो, एलिमेंट, म्हणजे ही प्लंजर-बॅरलची जोडी, गेलं.

शिवाय 2020 पासून डिझेलमधलं गंधक दशलक्षात 10 भागांवर आलं. गंधक काढताना डिझेलचा ओशटपणाही जातो, म्हणून वंगणाचं काम करणारं रसायन त्यात वेगळं मिसळतात. रेशनच्या रॉकेलमध्ये ते कोण मिसळणार? त्यात चमचाभर टू-टी ऑइल घालणारे आहेत. त्याने झीज थोडी कमी होत असेल, पण पातळपणाला तो उपाय नव्हे.

रॉकेलसाठीच बनवलेलं इंजिन ही मात्र वेगळी जात आहे, आणि तिची बदनामी मला पटत नाही. त्याला स्पार्क प्लग असतो. थंड इंजिनात रॉकेलची वाफ होत नाही, म्हणून सुरुवात पेट्रोलवर करायची, इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. हे शेवटचं काम सहसा कुणी करत नाही. मग सकाळी दोरी ओढून खांदा दुखला की कंपनीला शिव्या. नीट न जळालेलं रॉकेल रिंगांच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ते आणखी एक दुखणं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली बघून ‘माझं इंजिन ऑइल खातच नाही’ म्हणणारे मालक आहेत. ते पातळ झालेलं ऑइल बेअरिंगच्या मुळावर उठतं.

हेन्री फोर्डचा 1917 सालचा फोर्डसन ट्रॅक्टरही असाच पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालायचा. ती जात मागे पडली त्याला रॉकेलमधली उष्णता कारण नव्हे. लिटरमागे डिझेल जेमतेम चार-पाच टक्के सरस. फरक दाबाचा आहे. स्पार्कच्या इंजिनात रॉकेल जास्त दाबलं तर ठोके मारतं, म्हणून दाबाचं प्रमाण पाचास एकच्या आसपास ठेवावं लागतं. डिझेल इंजिनात ते सोळा-सतरापर्यंत जातं. त्यामुळे तेवढंच पाणी उपसायला रॉकेल साधारण दीडपट लागतं.

दीडपट जाळूनही परवडायचं, कारण सरकारने भाव पाडून ठेवला होता. जून 2010 मध्ये दरवाढ झाल्यावरही दिल्लीत रेशनचं रॉकेल 12 रुपयांच्या आसपास होतं, डिझेल 40 च्या. चुलीसाठी आणि दिव्यासाठी दिलेली ही सवलत गळणार हे उघड होतं, आणि ती गळाली ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या कॅनमध्ये फारशी नाही, टँकरमध्ये. रॉकेलला निळा रंग दिला तरी भेसळ चालूच राहिली. जानेवारी 2011 मध्ये मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. वस्तू एक आणि भाव दोन, अशी सोय केली की मधल्या फरकावर टोळी बसते, हे आपल्या धोरणकर्त्यांना अजूनही पुरतं उमगलेलं दिसत नाही.

आता तो स्वस्त भावच उरलेला नाही. तेव्हा रॉकेल की डिझेल हा वाद सोडा आणि इंजिनाचं वजन बघा. रॉकेलच्या छोट्या इंजिनाचा खरा गुण होता हलकेपणा: दोघांनी उचलून ओढ्यावर न्यावं, काम झालं की घरी आणावं. पाच एचपीचं जुन्या घडणीचं डिझेल इंजिन फ्लायव्हीलसह क्विंटलच्या वर भरतं. ते एकदा विहिरीवर बसवलं की तिथलंच. पावसाने ताण दिला तर वर्षातून चार-दोन पाणी द्यायची असतील, त्याने हलकं इंजिन घ्यावं आणि सरळ पेट्रोलवर चालवावं. इंधन जास्त जाईल, पण भांडवल कमी अडकेल. रात्रीच्या विजेला कंटाळून रोज चार-पाच तास दारं धरणाऱ्याला डिझेलशिवाय पर्याय नाही.

आणि जुनं डिझेल इंजिन बघायला जाल तेव्हा थंड इंजिन एका हँडलमध्ये सुरू झालं म्हणून भुलू नका. अर्धा तास लोडवर चालवायला लावा, बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा हँडल मारा. नाही धरलं, तर एलिमेंटचे पैसे आधी वजा करा आणि मगच भाव बोला.