खडकातील चाकोऱ्या

सुटीत आप्तांच्या भेटीस निघालेल्या कुटुंबाने वाटेतील इतिहासस्थळांपाशी थांबले पाहिजे. अमेरिकेतील ऑरेगॉन मार्ग याचे बोलके उदाहरण आहे. १८४० नंतरच्या सुमारे तीन दशकांत लाखो स्थलांतरित मिसुरी नदीच्या परिसरातून पश्चिमेकडे गेले. सुमारे ३,५०० किलोमीटरची ही वाट बैलगाडीने कापण्यास चार ते सहा महिने लागत. पटकीने अनेकांचा बळी घेतला. वायोमिंग राज्यातील गर्न्सी गावाजवळ या गाड्यांच्या चाकांनी वालुकाश्मात पाडलेल्या खोल चाकोऱ्या आजही दिसतात.

एझ्रा मीकर १८५२ मध्ये पत्नी व तान्ह्या मुलासह या वाटेने गेले होते. पुढे लोकांना वाटेचा विसर पडू लागला, तेव्हा १९०६ मध्ये वयाच्या पंचाहत्तरीत ते बैलगाडी घेऊन उलट दिशेने निघाले आणि ठिकठिकाणी त्यांनी स्मृतिशिला उभारविल्या.

आजी-आजोबांकडून ऐकलेली पूर्वजांची कहाणी अशा स्थळी खरी वाटू लागते. मात्र ती एकांगी राहता कामा नये. ही वाट लाकोटा, शोशोनी आदी मूलनिवासींच्या भूमीतून जात होती. स्थलांतरितांच्या जनावरांनी तेथील कुरणे चरून संपविली. १८५१ चा फोर्ट लॅरमी करारही फार काळ पाळला गेला नाही. चाकोऱ्या दाखविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मुलांना हेही सांगावे. पूर्वजांच्या धैर्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विचारल्यावाचून त्या प्रवासाचा इतिहास पूर्ण होत नाही.