उशिरा आलेला स्ट्रायकर

आमच्या कॉलेजात फुटबॉलवर बोलणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक मेस्सीवाले, दुसरे रोनाल्डोवाले. भांडण कितीही होऊ दे, एक वाक्य दोन्हीकडून हमखास येतं, "अरे, सतराव्या वर्षी काय खेळत होता तो!" हे ऐकलं की मला दिदिए द्रोग्बा आठवतो. सतराव्या वर्षी तो कुठे होता? पॅरिसजवळच्या लेव्हालुआ नावाच्या छोट्या क्लबच्या ज्युनियर टीममध्ये. आणि त्यानंतर? युनिव्हर्सिटीत अकाउंटन्सी शिकायला!

द्रोग्बाचं नाव काढलं की बहुतेक जण २००५ ची गोष्ट सांगतात. आयव्हरी कोस्ट पहिल्यांदा वर्ल्ड कपला क्वालिफाय झाली, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये गुडघ्यावर बसून त्याने देशातली यादवी थांबवण्याचं आवाहन केलं. ती गोष्ट मोठीच आहे. पण मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या, फारसं कुणी न सांगणाऱ्या वर्षांबद्दल.

जन्म १९७८ चा, आबिजान शहरातला. पाचव्या वर्षी आईवडिलांनी त्याला फ्रान्सला काकांकडे पाठवलं. हे काका स्वतः प्रोफेशनल फुटबॉलर. काका क्लब बदलणार, मग गाव बदलणार, मग ह्याची शाळा बदलणार. फ्रान्समध्ये चांगल्या पोरांना क्लब चौदा-पंधराव्या वर्षीच उचलतात आणि आपल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये तयार करतात. रोजचा सराव, ठरलेलं खाणं, शरीर घडवणं, सगळं तिथे होतं. द्रोग्बा त्या वयात तसा कुठल्या सेंटरमध्ये घडलाच नाही. पुढे तो 'ल माँ'ला गेला. आमच्या मेकॅनिकलच्या मुलांना हे गाव चोवीस तासांच्या कार रेसमुळे माहीत असेल! तिथला क्लब तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. शरीराला रोजच्या सरावाची सवयच नाही, त्यामुळे दुखापतींमागून दुखापती. पायाची हाडंसुद्धा मोडली.

आता एक तुलना बघा. १९९८ चा वर्ल्ड कप फ्रान्समध्येच झाला. कॅमेरूनचा सॅम्युएल एटो त्यात सतराव्या वर्षी खेळला, त्या स्पर्धेतला सर्वांत लहान खेळाडू म्हणून. त्याच वेळी, त्याच देशात, वीस वर्षांच्या द्रोग्बाकडे साधा प्रोफेशनल करारही नव्हता. तो मिळाला १९९९ मध्ये, एकविसाव्या वर्षी. त्या दिवशी दोघांची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवली असती तर द्रोग्बाला कुणी इंटरव्ह्यूलाही बोलावलं नसतं.

ल माँने मात्र वाट बघितली. रोज सराव आणि दर आठवड्याला मॅच एवढं झेपायला त्याला चार वर्षं लागली, असं तिथल्या कोचनेच नंतर सांगितलं. चार वर्षं! म्हणजे आपली अख्खी इंजिनिअरिंग. २००२ च्या जानेवारीत गँगाँ नावाच्या छोट्या क्लबने त्याला पहिल्या डिव्हिजनमध्ये आणलं, अगदी किरकोळ किमतीत. २००२-०३ च्या सीझनमध्ये त्याने लीगमध्ये १७ गोल केले. पुढच्या वर्षी मार्सेयकडून १९ गोल आणि युएफा कपची फायनल. २००४ मध्ये चेल्सीने त्याच्यासाठी २ कोटी ४० लाख पौंड मोजले. पाच वर्षांपूर्वी जवळजवळ फुकट मिळणारा माणूस!

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. २००६ मध्ये तो आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलर ठरला. त्याआधीची सलग तीन वर्षं हा मान कुणाकडे होता? एटोकडे! २००७ आणि २०१० मध्ये द्रोग्बा प्रीमियर लीगचा टॉप स्कोअरर झाला. २०१२ च्या मार्चमध्ये त्या लीगमध्ये शंभर गोल करणारा तो पहिला आफ्रिकन ठरला. आणि त्याच वर्षी म्युनिकची चॅम्पियन्स लीग फायनल. बायर्न एका गोलने पुढे, ८८ वं मिनिट, कॉर्नर, द्रोग्बाचा हेडर, बरोबरी! शूटआउटमधली विजयाची पेनल्टीही त्याचीच. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता.

तो देव होता असं मला म्हणायचं नाही. २००८ च्या फायनलमध्ये थप्पड मारून रेड कार्ड घेणारा आणि शूटआउटच्या वेळी मैदानाबाहेर असणाराही तोच. २०१२ च्या आफ्रिका कप फायनलमध्ये पेनल्टी बारवरून मारणाराही तोच. आफ्रिका कप त्याला कधीच मिळाला नाही. त्याने देशाकडून निवृत्ती घेतली २०१४ मध्ये आणि पुढच्याच वर्षी आयव्हरी कोस्टने तो जिंकला. आयुष्यात सगळंच उशिरा का होईना मिळतं, असं काही नसतं.

मग हे सगळं मी का लिहितेय? कारण मी वीस वर्षांची आहे आणि आमच्याकडे कॅम्पसचा सीझन सुरू झालाय. नोटीस बोर्डवर लागतं, 'थ्रूआउट फर्स्ट क्लास, नो गॅप, नो केटी'. माझ्या एका मैत्रिणीला बारावीनंतर घरच्या आजारपणामुळे एक वर्ष गॅप घ्यावा लागला. वर्गातले अर्धे प्रोग्रॅम तिच्या मदतीशिवाय रन होत नाहीत. एका कंपनीने तिला ॲप्टिट्यूड टेस्टलाही बसू दिलं नाही. टेस्टमध्ये नापास केलं असतं तर तक्रार नव्हती. पण बघितलंच नाही!

कुणी म्हणेल, एका द्रोग्बावरून सिद्धांत मांडू नकोस, सँपल साइझ एक आहे. मान्य. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये राहून तिथेच संपलेले हजारो असतील. उशिरा येणारा प्रत्येक जण द्रोग्बा होतो असं मी म्हणतच नाहीये. पण तो द्रोग्बा आहे की नाही हे कळायला आधी त्याला मैदानात उतरवावं लागतं. वयाची किंवा वर्षाची चाळणी माणसाची कुवत मोजत नाही, त्याला मिळालेली परिस्थिती मोजते. एटोला सोळा-सतराव्या वर्षी रिअल माद्रिद मिळालं, द्रोग्बाला मिळाली गावोगावची नवी शाळा. ह्यात कुणाचं टॅलेंट दिसलं?

आणि नुकसान फक्त खेळाडूचं होत नाही. ज्या क्लबांनी त्याच्याकडे एकविसाव्या वर्षी ढुंकूनही पाहिलं नाही, त्यांच्याविरुद्धच त्याने पुढे गोल केले.

म्हणून आमच्या प्लेसमेंट सेलकडे माझी एकच मागणी आहे. येणाऱ्या कंपन्यांना निदान एवढं तरी सांगा, आधी टेस्ट घ्या, मार्कशीट नंतर बघा. जो नापास होईल तो घरी जाईल. पण गेटवरूनच परत पाठवू नका.