विश्लेषण : बाळाला हाय चेअर घेताय? ट्रे म्हणजे पट्टा नव्हे!

आजीच्या मांडीवर बसून, काऊ-चिऊ दाखवत पेज भरवण्याची रीत कोकणात आजही आहे. पण मालवण, कुडाळ, सावंतवाडीतल्या घरांतही आता डायनिंग टेबलाशेजारी बाळाची उंच खुर्ची, म्हणजे हाय चेअर, दिसू लागली आहे. कधी ती ऑनलाइन मागवलेली असते, कधी चाकरमानी नातेवाइकांनी मुंबईहून गाडीत घालून आणलेली असते. बाळ त्यात बसले की ‘आता पडणार नाही’ असे गृहीत धरले जाते. नेमका तिथेच धोका सुरू होतो.

बाळ खुर्चीत कधी बसवावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधासोबत वरचे अन्न सुरू करावे. आपल्याकडील उष्टावणही साधारण याच वयात होते. अंगणवाड्यांमध्ये ‘अन्नप्राशन दिवस’ साजरा होतो, तोही याच टप्प्यासाठी. मात्र केवळ वय पाहून चालत नाही. मान पक्की धरली आहे का, आधार न देता बाळ ताठ बसते का, हे आधी पाहावे. कलणारे बाळ उशा लावून खुर्चीत बसवले, तर अन्न गिळताना ठसका लागू शकतो. तोवर आजीची मांडी हीच उत्तम खुर्ची!

खरेदी करताना काय पाहावे?

पहिली गोष्ट पट्टा. कमरेचा, खांद्यांचा आणि दोन पायांमधला असा पाच ठिकाणी बांधला जाणारा पट्टा सर्वांत चांगला. पायांमधला पट्टा नसेल, तर बाळ ट्रेखालून घसरत जाते आणि मान अडकू शकते. दुसरी गोष्ट पाया. खुर्चीचे पाय बसण्याच्या जागेपेक्षा बाहेर पसरलेले हवेत. दुकानात खुर्ची पुढे, मागे आणि बाजूला ढकलून पाहावी. तिसरी गोष्ट पाय टेकायची फळी. पाय लोंबकळत राहिले, की बाळ अस्वस्थ होते आणि सरकते. घडीची खुर्ची असेल, तर उघडल्यावर तिचे कुलूप पक्के बसते का, सांध्यात बोट चिमटते का, हेही तपासावे. चाके असल्यास त्यांना ब्रेक हवाच.

‘आयएसआय’ चिन्ह पुरेसे आहे का?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. पण हाय चेअर हे खेळणे नाही. त्यामुळे ट्रेवर लावलेल्या खुळखुळ्याचे चिन्ह पाहून खुर्चीही तपासलेली आहे, असे मानू नये. युरोपात अशा खुर्च्यांसाठी ‘ईएन १४९८८’ हे मानक आहे. ते सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांच्या खुर्च्यांना लागू होते. अमेरिकेत ‘एएसटीएम एफ४०४’ या मानकावर आधारित नियम २०१९ पासून बंधनकारक आहे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात यांपैकी उल्लेख असेल, तर खुर्चीची स्थिरता आणि पट्टे तपासण्याची एक कसोटी ठरलेली असते. उल्लेख नसेल, तर दुकानदाराला विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

सावंतवाडीची चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि जिल्ह्यात चांगल्या सुतारांची वानवा नाही. सुताराकडून खुर्ची करून घेता येते. मात्र पसरट पाया, गोल केलेल्या कडा, पायांमधला दांडा आणि पट्टे अडकवायच्या पक्क्या जागा, हे चारही मुद्दे आधी सांगावेत.

किनाऱ्यावरच्या घरात वेगळे काय?

पडवी आणि मागीलदाराची जमीन अनेकदा उताराची असते. सारवलेल्या किंवा ओबडधोबड फरशीवर चार पायांपैकी एक अधांतरी राहतो. खुर्ची माजघरातल्या सपाट जागी ठेवावी. चिऱ्याच्या पायऱ्यांजवळ किंवा खळ्याच्या कडेला ती कधीही नको. खाऱ्या हवेने स्क्रू आणि बकले गंजतात, पावसाळ्यात लाकूड फुगते, कापडी गादीला बुरशी येते. म्हणून महिन्यातून एकदा स्क्रू आवळावेत, बकल ओढून पाहावे आणि गादी उन्हात वाळवावी. भावंडांची जुनी खुर्ची वापरताना तुटका पट्टा दोरीने बांधून वेळ मारून नेऊ नये. पट्टा मिळत नसेल, तर ती खुर्ची बाद समजावी.

अपघात नेमके कसे होतात?

बाळ उभे राहू पाहते. समोरच्या टेबलाला किंवा भिंतीला पाय लावून रेटते आणि खुर्ची मागे उलटते. म्हणून खुर्ची टेबल, ओटा आणि भिंतीपासून बाळाचे पाय पोहोचणार नाहीत इतकी दूर हवी. गॅस, गरम आमटीचे पातेले, चहाचा कप, टेबलक्लॉथची लोंबती कड आणि पडद्याची दोरी हाताच्या टप्प्यात नको. दारावरची बेल वाजली, फोन आला, दूध उतू गेले, तरी बांधलेल्या बाळाला एकटे सोडू नये. ट्रे हा ताट ठेवण्यासाठी असतो, बाळाला अडवून धरण्यासाठी नाही.

गणपतीत घर माणसांनी भरलेले असते. ‘कुणीतरी बघतंय’ असे प्रत्येकाला वाटते आणि प्रत्यक्षात कुणीच बघत नसते. अशा वेळी भरवणाऱ्या एकाच व्यक्तीकडे जबाबदारी ठरवून द्यावी.

घास अडकला तर?

अख्खे काजूगर, शेंगदाणे, करवंदे, द्राक्षे, फणसाचे निसरडे गरे लहानग्याला देऊ नयेत. मासा बोटांनी चाचपून, काटा काढूनच द्यावा. बाळ खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, तर पट्टा लगेच सोडावा. एक वर्षाखालील बाळाला हाताच्या आधाराने पालथे, डोके खाली ठेवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावेत. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. बाळ निपचित पडले, तर फोनवर मिळणाऱ्या सूचना पाळाव्यात. न दिसणारा घास बोट घालून काढू नये, तो आणखी आत जातो. म्हणूनच पट्टा एका हाताने झटकन सुटतो का, हेही खरेदीच्या वेळीच पाहायला हवे.

मग खुर्ची घ्यावी की नको?

घरातल्या सर्वांबरोबर ताठ बसून जेवणे बाळासाठी चांगलेच. पण खुर्ची नसली म्हणून काही बिघडत नाही. जमिनीवर चटई घालून, समोर बसून भरवलेले बाळही तितकेच छान जेवते आणि उंचावरून पडत नाही. घरकाम उरकायला बाळाला ‘अडकवून ठेवण्याची’ सोय म्हणून खुर्ची घेतली जात असेल, तर ती न घेतलेलीच बरी. वाटीभर पेज भरवायला फार वेळ लागत नाही. तेवढा वेळ एका मोठ्या माणसाची नजर बाळावर हवी. ती खुर्चीसोबत खोक्यातून येत नाही.