बांध एकाचा, लाभ सर्वांचा

दुधनीच्या डोंगरउतारावरची माती दर पावसाळ्यात मधुबन जलाशयात उतरते. त्याच पाण्याकडे वापी-दमणपर्यंतचे लोक आशेने पाहतात. म्हणून वारली शेतकऱ्याने आपल्या तुकड्यावर घातलेला बांध हे केवळ त्याचे खाजगी काम नव्हे. त्यासाठी मिळणारे सरकारी साहाय्य ही भीक नसून लोकोपयोगी श्रमाचा मोबदला होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु साहाय्य मिळते ते ज्याच्या नावे कागद आहे त्यास. पोर्तुगीज अमदानीतील अल्वारा पद्धती १९७१ च्या विनियमाने मोडीत निघाली. २००६ च्या कायद्याने वनजमीन कसणाऱ्याचा हक्क मान्य केला आणि २०१२ च्या सुधारित नियमांनी अशा हक्कधारकांस जमीन-सुधारणेच्या योजना पुरविणे सरकारवर बंधनकारक केले. केंद्राच्या योजनेत ठिबक सिंचनासाठी लहान शेतकऱ्यास ५५ टक्के साहाय्य ठरले. उरलेले ४५ टक्के रिकाम्या हाताच्या माणसाने आणावे कोठून?

सिल्वासाच्या कचेरीकडे आमची मागणी एवढीच की, हक्कपत्राबरोबरच बांधबंदिस्तीची मंजुरीही हाती पडावी आणि पैसा मृगापूर्वी मिळावा. पाऊस सरल्यावर सुटलेला हुकूम वाहून गेलेली माती परत आणीत नसतो.